वाढता गणवेश

१० जून

ताई,

आधी खाली बस, मग पुढे वाच.

इथली मुलं वाढत नाहीयेत.

वेड लागलेलं नाही मला. पहिल्यापासून सांगतो. गेल्या वर्षी मुलांच्या कपड्यांचा कारखाना बंद पडला आणि बावीस वर्षांचं मशीन सोडून मी घरी बसलो, तेव्हा तूच लिहिलं होतंस, "पोरांच्या आणि आईबापांच्या जीवावर चालणारा धंदा काढ. माणूस स्वतः विरलेलं घालेल, पण पोराला नवं घेईल." ते मानून मी शाळेसमोर हे दुकान घेतलं. दुकान म्हणजे काय, दोन पायऱ्या, एक मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. पाटीवर लिहिलं, 'वाढता गणवेश'. एकदा घ्या, मूल चौथी पास होईपर्यंत मी वाढवून देतो, शिलाई फुकट. खाली चार इंच कापड आत दुमडून ठेवायचं आणि बाजूच्या शिवणीतही जादा कापडाची भरपूर माया सोडायची. दरवर्षी माप घ्यायचं, तेवढी दुमड उसवायची. आयांना हे फार पटलं.

आता वर्ष झालं. मुलं पुन्हा मापाला येऊ लागली. आठ दिवसांत पस्तीस आली. या वयात मूल वर्षाला दोन-सव्वादोन इंच वाढतं, हे मला बावीस वर्षांच्या कामावरून ठाऊक आहे. आणि वहीशी ताडून बघतो तर कोणी अर्धा इंच, कोणी पाऊण. कालचा एक मुलगा गेल्या वर्षीपेक्षा पाव इंच कमी भरला. मी तीनदा मोजला. पोर आटतं का गं कधी?

पाण्यात काही असेल? हवेत? सकाळी देवापुढे उभा राहिलो तर प्रार्थना सुचेना, नुसते आकडे डोळ्यांपुढे. आयांना सांगू की नको? दोघींना सांगितलं आहे. बाकीच्यांचं काय करू?

फोनवर विचारलं असतं, पण मशीनच्या आवाजाने गेलेले माझे कान तुला माहीत आहेत. पत्रानेच कळव.

तुझा,
धाकटा

२१ जून

अरे धाकट्या,

पत्र वाचलं आणि आधी घाबरले. नंतर जरा हसूही आलं. मुलं वाढली नाहीत तर तुझा 'वाढता गणवेश' बसलाच म्हण की! मग दुसरं काहीतरी काढ. आमच्या इथे एकाने खेळणी आठवड्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे. पोरगं कंटाळलं की खेळणं परत. एकीने मुलांचे केस कापायचं दुकान काढलंय, लाकडी घोड्यावर बसवून कापते. रडणाऱ्याला शिट्टी फुकट. दुकानातून बाहेर पडताना आई रडते, कारण पोरगं घरी येईपर्यंत शिट्टी वाजवतं.

पण एक ऐक. आयांना अजिबात सांगू नकोस. आईला तिच्या लेकराबद्दल वाईट सांगणाऱ्याचं तोंड ती मरेपर्यंत विसरत नाही. आधी एखाद्या शहाण्या माणसाला विचार.

आणि स्वतःच्या हाताला दोष देऊ नकोस. तुझी शिवण अशी की मी चारचौघांत दाखवते. आमच्या पिटुकलीच्या पाचव्या वाढदिवसाला तू आला होतास आणि तो निळा फ्रॉक शिवून दिला होतास ना? ती आता आठची झाली. अजून तोच घालते, तिसरं वर्ष! शेजारीण म्हणते, "असा शिंपी आम्हालाही द्या हो." सूनबाई कचेरीत, मुलगा फिरतीवर, त्यामुळे नातीला कपडे आणायला सवड कोणाला आहे? तुझ्या फ्रॉकने आमची मोठी सोय केली.

काय झालं ते लिही. माझा जीव टांगणीला आहे.

ताई

३ जुलै

ताई,

तुझं पत्र यायला उशीर झाला. मी सांगून बसलो होतो. पस्तीसच्या पस्तीस आयांना.

काय झालं ते लिहायलाही लाज वाटते. कोणी मुलाला दोन-दोन अंडी चारायला लागली, कोणी शाळेची पाण्याची टाकी रिकामी करायला लावली. एका बापाने मुलाला सकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून विचारलं, "मास्तर, तुम्ही शिंपी का वैद्य?" मी म्हटलं, "बाई, मी फक्त आकडे वाचतो." मला तेव्हा ते उत्तर फार नम्रपणाचं वाटलं होतं.

शेवटी एक डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. त्यांच्याकडे त्या आठवड्यात एकोणीस मुलं मोजायला आणली होती आणि सगळी धडधाकट, जितकी हवीत तितकी वाढलेली. त्यांनी माझी टेप खिळ्यावरून काढली, पर्समधून गुंडाळलेली पोलादी टेप काढली आणि दोन्ही जमिनीवर शेजारीशेजारी पसरल्या. माझी साठ इंचांची टेप बासष्ट इंच भरली.

ताई, दुकानात खण नाही. वर्षभर मी टेप खिळ्याला टांगत होतो आणि तिच्या खालच्या कडीत मोठी कात्री अडकवत होतो. त्या वजनाने कापडी टेप ताणली गेली. लांबलेल्या टेपने मोजलं की माप कमी येतं, एवढं साधं आहे ते. अंग त्याच टेपने आणि कापडही त्याच टेपने मोजलं, म्हणून नवे कपडे बरोबर बसत राहिले आणि मला संशय आला नाही.

पण खरी लाज वेगळीच आहे. जुने गणवेश घालून आलेल्या मुलांचे गुडघे उघडे पडलेले मला दिसत होते. आया म्हणत होत्या, "मास्तर, दुमड अजून सोडा की थोडी." आणि मी वही पुढे करून त्यांना गप्प करत होतो. समोरचं मूल दिसेना मला. आकडा तेवढा दिसत होता.

आता पोलादी टेप घेतली आहे. शाळेच्या ओसरीत बसून सगळ्या मुलांची मापं पुन्हा घेतली, प्रत्येक आईची हात जोडून माफी मागितली. एक म्हणाली, "जाऊ द्या मास्तर, निदान पोरगं अंडी खायला शिकलं." एकीने मात्र पोरीला उचललं आणि निघून गेली. तुझं ते तोंड न विसरण्याचं वाक्य तेव्हा आठवलं.

मन दुसरीकडे लागावं म्हणून पिटुकलीला काहीतरी नवं शिवतो. तिसरं वर्ष एकच फ्रॉक, बरं दिसतं का? सूनबाईंना माप घ्यायला सांग आणि पाठव.

धाकटा

१४ जुलै

अरे देवा, धाकट्या!

मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. चौकटीला लोंबकळलेला पोरगा डोळ्यांपुढून हलत नाही. सूनबाईला वाचून दाखवलं, तीही हसली, नंतर म्हणाली, "बिचारे मामा." तेव्हा तू बिचारा आहेस, हे आमच्या घरात ठरलं.

माप घे. सूनबाईने काल नव्या टेपने घेतलं आहे. तिची टेप कपाटात असते, कात्री वेगळ्या डब्यात, काळजी नसावी. उंची साडेबेचाळीस, छाती बावीस, कंबर एकवीस, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तेवीस. पिटुकली माप देताना इतकी गुपचूप उभी राहिली की सून म्हणाली, "पुतळ्याचं माप घेतल्यासारखं वाटलं."

रंग हिरवा चालेल. खिसे ठेव. मनाला फार लावून घेऊ नकोस. चूक सगळ्यांकडून होते, फक्त तुझी पस्तीस घरांना कळली.

ताई

२२ जुलै

ताई,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

हिरवं कापड आणलं, बेतायला घेतलं आणि सवयीने जुनी वही उघडली. पिटुकलीचं पाचव्या वाढदिवसाचं माप तिच्यात आहे. उंची साडेएकेचाळीस. छाती एकवीस. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत साडेबावीस.

तीन वर्षांत एक इंच, ताई.

माझ्या मनातही हेच आलं, की ती जुनी टेपच खोटी असेल. सबंध दुपार त्यावर घालवली. पण टेप लांबलेली असली की माप खऱ्यापेक्षा कमी येतं. म्हणजे तेव्हा ती लांबलेली असती, तर पिटुकली खरं म्हणजे साडेएकेचाळीसहून उंच असती आणि वाढ एक इंचाहूनही कमी निघाली असती. कसाही हिशेब केला तरी पोरीच्या बाजूने लागत नाही. आणि तेव्हा मी कारखान्यात होतो. माझी टेप खणात असायची.

पाचाचं मूल आठाचं होईपर्यंत निदान सहा-सात इंच वाढायला हवं होतं. तिला डॉक्टरांना दाखव. उद्याच दाखव.

माझ्यासारख्याने हे लिहावं, तेही या महिन्यात, हे किती हास्यास्पद आहे ते मला कळतं. तरी लिहितो.

धाकटा

३० जुलै

धाकट्या,

तुझं पत्र माझ्याआधी सूनबाईच्या हातात पडलं. तिने उभ्याउभ्या वाचलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाली, "मामांना कळवा, माझी मुलगी म्हणजे कापडाचा तुकडा नाही." मग दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

काय मिळवलंस रे? पस्तीस घरांत आग लावलीस ती पुरली नाही, आता छत्तिसावं माझं? सूनबाईची आई माझ्या खांद्याला लागते. तिच्या दोन्ही बहिणी तशाच. बुटक्या घरातली पोर बुटकीच असणार, तिला ताडमाड कुठून आणायची? मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "मामाची टेप बदलली, मामा नाही बदलला."

मुलगी शहाणी आहे, शांत आहे, कधी तापाने पडली नाही. शाळेतून तिची तक्रार आजवर आलेली नाही.

तुझा हेतू वाईट नाही हे मला ठाऊक आहे. पण हा विषय आता इथेच थांबव. तो हिरवा फ्रॉकही सध्या पाठवू नकोस.

ताई

५ ऑगस्ट

ताई,

रागाव. मोठ्या बहिणीचा तो हक्क आहे. सूनबाईंचीही माफी मागतो. पण विषय थांबवत नाही.

बुटकी माणसंही लहानपणी दरवर्षी वाढतात. थोडी का होईना, वाढतात. सूनबाईंच्या आईने आठव्या वर्षी पाचव्या वर्षाचा फ्रॉक घातला नसेल.

एकच काम कर. त्या निळ्या फ्रॉकची खालची कड उलटी करून बघ. मी तिथे चार इंच कापड आत दुमडून ठेवलं होतं, दोनदा उसवून सोडता यावं म्हणून. तूच लिहिलंस की ती तो तिसरं वर्ष घालते. मग मला सांग, दुमड कोणी उसवली?

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. टेपवरही ठेवू नकोस. नुसती कड बघ.

धाकटा

१९ ऑगस्ट

धाकट्या,

दुमड कोणीच उसवली नव्हती.

दुपारी पिटुकली शाळेत असताना फ्रॉक काढला. बाहेरून धुऊन धुऊन पांढुरका झालेला. कड उलटली, दोन टाके कात्रीने तोडले. आतलं कापड गर्द निळं, दुकानातून आणल्यासारखं. घडीची रेघही नवी. तिसरं वर्ष घालते म्हणून ज्या फ्रॉकची मी गल्लीभर फुशारकी मारली, तोच हा फ्रॉक.

शाळा सुटल्यावर तिला शेजारच्या मुलीजवळ उभं केलं. ती मुलगी सहाची आहे. आमची तिच्या कानाला लागली. रोज दोघी एकत्र जिना चढतात रे! मी रोज वरून बघते. मला दिसलं नाही. लहानखुरी म्हणून आम्ही तिचं नावच पिटुकली ठेवून बसलो होतो.

संध्याकाळी सूनबाई आली. मी फ्रॉक तिच्या हातात दिला. तिने आतलं कापड पाहिलं, बाहेरचं पाहिलं. मग पर्स उचलली, पिटुकलीच्या पायांत चपला घातल्या आणि मला म्हणाली, "आई, चला."

डॉक्टरांनी मोजलं, वजन केलं आणि प्रश्न विचारायला लागले. "हिला थंडी फार वाजते का?" मी म्हटलं, वाजते, भर उन्हातही स्वेटर घालते, कपड्यांची हौस आहे तिला. "पोट साफ होतं?" सून म्हणाली, चार-चार दिवस नाही, खाणंच कमी. "शाळेत झोपते?" म्हटलं, बाई सांगतात की बाक सोडून हलत नाही, फार गुणी आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, हे गुण नाहीत. मूल आजारी आहे."

रक्त तपासलं. गळ्यात एक ग्रंथी असते, ती जवळजवळ बंद पडली आहे. तिच्याविना अंग वाढत नाही, थंड पडतं, मन मंदावतं. आपल्याला वाटत होतं ती शांत आहे. ती गारठली होती रे, आतून.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. बहुतेक जन्मभर. गेलेली उंची किती भरून निघेल, ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. म्हणाले, "आणखी दोन वर्षं गेली असती तर मी कसलीच आशा दाखवली नसती." सूनबाईने विचारलं, "आम्हाला कसं कळलं नाही?" ते म्हणाले, "रोज बघणाऱ्याला दिसत नाही." तिला तेवढ्याने बरं वाटलं नाही. मलाही नाही.

माझ्या त्या रागाच्या पत्रातला शब्दन् शब्द मला पाठ आहे. तू तो विसर.

ताई

२७ ऑगस्ट

ताई,

पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक होतं, त्याला उद्या ये म्हटलं आणि दार लोटून घेतलं.

दोष वाटून घ्यायचा असेल तर मोठा वाटा माझ्याकडे दे. जूनमधल्या तुझ्या पत्रात फ्रॉकचं कौतुक वाचलं तेव्हा मी काय केलं, सांगू? ती ओळ मशीनवाल्या मेकॅनिकला वाचून दाखवली. "बघा, तीन वर्षं टिकला." कापड टिकतं गं, पण मूल त्यात मावत राहतं का, हा प्रश्न बावीस वर्षं कपडे शिवलेल्या माणसाला पडायला हवा होता. ज्या आठवड्यात मी पस्तीस सुदृढ मुलांसाठी झोप घालवली, त्याच आठवड्यात आजारी मूल तुझ्या पत्रात माझ्या हातात होतं. मी त्याच्यावर खूश होऊन पत्र घडी करून ठेवलं.

देवाला बोल लावत नाही. त्याने दाखवायचं ते दाखवलं होतं. मी माझं कौतुक वाचत होतो.

सूनबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी फ्रॉक बघितला आणि वाद न घालता पोरीला चपला घातल्या, हे माझ्याच्याने झालं नसतं. मी आधी चार कारणं शोधली असती.

गोळीची वेळ चुकवू नका. पिटुकली कशी आहे ते लिही. नुसतं बरी आहे असं लिहू नकोस, खरं लिही.

धाकटा

१२ डिसेंबर

धाकट्या,

मुद्दाम उशीर केला. डॉक्टर म्हणाले होते की चार महिन्यांआधी काही धरून चालू नका, म्हणून मीही धरलं नाही आणि तुलाही धरायला लावलं नाही. खरं लिही म्हणालास, तर ऐक.

पहिला महिना वाईट गेला. तिचे केस गळले, ती चिडचिडी झाली, कशावरूनही रडायची. मी घाबरून डॉक्टरांकडे धावले, तर ते म्हणाले, "होतं असं, जागी होतेय." दुसऱ्या महिन्यात तिने स्वेटर काढून फेकला. तिसऱ्या महिन्यात शाळेतून पहिली तक्रार आली, वर्गात बडबड करते म्हणून. सूनबाईने ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आहे, कचेरीत सगळ्यांना दाखवते. त्या बायकांना वाटतं हिचं डोकं फिरलंय. परवा पिटुकलीने मला उलट उत्तर दिलं. "तूच आण ना पाणी, मी काय नोकर आहे?" तिला धपाटा घालायला उचललेला हात मी तसाच खाली घेतला.

उंची अजून आम्ही कोणी मोजलेली नाही. सूनबाई म्हणते, टेपला हात लावायची भीती वाटते. डॉक्टरांकडे सोमवारी जायचंय, तेव्हा काय तो आकडा कळेल. खरं सांगते, मला रात्री त्या आकड्याने घाम फुटायचा.

पण हे पत्र मी सोमवारपर्यंत थांबवून ठेवू शकत नाही.

आज सकाळी मी आत होते. एकदम किंकाळी आली. अशी की हातातलं भांडं सुटलं. सूनबाई अर्धी वेणी तशीच सोडून धावली, मुलगा दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन धावला. पिटुकली आरशासमोर उभी, हनुवटीवर रक्त, पांढरीफटक पडलेली. मला बघून म्हणाली, "आजी, मी मोडले!"

तळहातावर दात होता, दुधाचा. तांदळाएवढा.

तिच्या वर्गातल्या पोरींची पुढची खिंडारं दोन वर्षांपूर्वी पडून भरूनही आली. हिचे सगळे दात आठव्या वर्षी जागच्या जागी, एकही हललेला नाही, आणि तेही आम्हाला कधी खटकलं नव्हतं. "मोत्यांची माळ" म्हणायचो आम्ही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंग वाढायला लागलं की दातही हलतील. आम्ही तिघं जमिनीवर बसलो होतो आणि तो एवढासा दात एकमेकांच्या हातावर देत होतो. सूनबाई रडत होती, मुलगा साबणासकट हसत होता. पिटुकली आमच्याकडे बघतच राहिली. हिच्या तोंडातून रक्त येतंय आणि ही मोठी माणसं हसतायत!

मी तिला जवळ घेतलं, तोंड पुसलं, म्हटलं, "अगं, दात पडला, घाबरतेस काय? सगळ्यांचेच पडतात."

तिने पुन्हा भोकाड पसरलं.

"आता काय झालं?"

तोंडात बोट घालून म्हणाली, "दुसरा पण हलतोय!"

ताई